सिमेंटचा पत्रा उतरवण्यापूर्वी

मे महिना लागला की कोकणात आणि घाटावरही माणसं घरांवर चढू लागतात. कुणी कौलं चाळून घेतं, कुणी पत्र्याच्या भेगांवर डांबर फासतं, आणि हातात चार पैसे आले असतील तर जुने सिमेंटचे पत्रे काढून तिथे रंगीत लोखंडी पत्रे टाकून घेतले जातात. काम एक-दोन दिवसांचं. मिस्त्री दोन पोरं घेऊन येतो, गंजून बसलेले हूक ग्राइंडरने कापतो आणि सुटलेला पत्रा वरूनच अंगणात लोटून देतो. पत्रा फुटतो, पांढुरकी धूळ उडते, घरातली बाई खराट्याने ती झाडून घेते. तुकडे रस्त्यावरच्या खड्ड्यात नाहीतर परसातल्या चिखलात भरणीला जातात. संध्याकाळपर्यंत अंगण लख्ख होतं.

यंत्राने कापणं, वरून टाकून फोडणं आणि कोरडं झाडणं. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत जे तीन प्रकार कधीही करू नयेत, ते तिन्ही अशा एका दिवसात उरकलेले असतात. आपल्याकडच्या पन्हळी सिमेंट पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट. पत्रा शाबूत असतो तोवर हे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात आणि खाली राहणाऱ्याला त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. ते मोकळे होतात कापताना, फोडताना, घासताना. म्हणून जुन्या घरातल्या ॲस्बेस्टॉसचा धोका त्या छपराखाली राहण्यात कमी आणि ते छप्पर हलवण्यात जास्त आहे. काढायचं ठरवलं तर नीट काढावं. नीट काढता येत नसेल तर आहे तिथे राहू द्यावं, हे या विषयातलं पहिलं आणि शेवटचं सूत्र.

दगडाचा धागा

ॲस्बेस्टॉस कारखान्यात तयार होत नाही, ते खाणीतून निघतं. सहा तंतुमय सिलिकेट खनिजांना मिळून हे नाव आहे. नारळाचं सोडण सोलताना धागे जसे उभे सुटत जातात, तसा हा दगड उभा उकलतो, आणि धागा कितीही बारीक झाला तरी आणखी उकलतच राहतो. व्यापारात तीन प्रकार मुख्य होते. पांढरं म्हणजे क्रायसोटाइल, तपकिरी म्हणजे अमोसाइट आणि निळं म्हणजे क्रोसिडोलाइट. क्रायसोटाइलचा तंतू लवचीक आणि कुरळा असतो, बाकीच्या दोघांचा सरळ आणि ताठ. आपल्या छपरांवरचा माल जवळजवळ सगळा क्रायसोटाइलचा.

जळत नाही, कुजत नाही, उष्णता वाहून नेत नाही, ओढ सोसतो आणि वर स्वस्त. एवढे गुण एका वस्तूत आल्यावर ती घराघरांत पोचणारच. १९०० च्या सुमारास लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने सिमेंटच्या पातळ लगद्यात हे तंतू मिसळून त्याचे थरावर थर चढवत पत्रा बनवण्याची पद्धत शोधली. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. भारतातला पहिला कारखाना १९३४ मध्ये कटनीजवळच्या कैमूरला सुरू झाला. पुढे मुंबईत मुलुंडलाही असा कारखाना उभा राहिला.

आपल्याकडे हा पत्रा रुजला तो काही उगाच नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा बघता बघता गंजतो, हा गंजत नाही. उन्हाळ्यात लोखंडाइतका तापत नाही, पावसात तितका वाजत नाही. कौलांसारखा दरवर्षी चाळावा लागत नाही आणि माकडांच्या उड्यांनी रोज दोन-चार फुटत नाहीत. गिरणगावातल्या चाळींच्या पडव्या, एमआयडीसीतल्या शेड, जिल्हा परिषदेच्या शाळा, पोल्ट्री, गोठे, झोपडपट्ट्या, सगळीकडे तो गेला. गरिबाला परवडणारं पक्कं छप्पर म्हणून त्याने मोठं काम केलं, हे मान्य करूनच पुढचं वाचायला हवं.

श्वासातून आत गेल्यावर

माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. क्रायसोटाइलचा एकेक सुटा तंतू त्याच्या हजारपटीहून बारीक असू शकतो. असे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, नाकात खाज येत नाही की ठसका लागत नाही. हवेत ते तासन्‌तास तरंगतात. श्वासावाटे ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू एका पेशीत मावत नाही. पेशी मरते, तिच्यातली द्रव्यं आजूबाजूला सांडतात, सूज येते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की मऊ फुप्फुसाच्या जागी कडक व्रण तयार होत जातात. हा ॲस्बेस्टॉसिस. त्यात श्वास कायमचा आखडतो आणि गेलेलं फुप्फुस परत मिळत नाही.

याखेरीज फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ पण अतिशय घातक कर्करोग. शेवटच्या आजारामागे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसच सापडतं. या सगळ्यांतली फसवी गोष्ट म्हणजे मधला काळ. धूळ आज, आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर मिस्त्री म्हातारा झालेला असतो आणि त्याच्या खोकल्याचा दोष विडीवर किंवा वयावर जातो.

विडीचा संबंध आहेच, पण वेगळ्या अंगाने. अमेरिका आणि कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांचा मोठा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या, धुळीत काम न केलेल्या माणसाच्या तुलनेत केवळ ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे ५ पट, केवळ धूम्रपान करणाऱ्याला सुमारे ११ पट, आणि दोन्ही असणाऱ्याला ५० पटींहून अधिक आढळला. म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याने विडी सोडणं हाच त्याच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे.

ही माहिती नवी नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे ॲस्बेस्टॉसची सूतकताई करणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी वारली आणि तिच्या फुप्फुसातल्या तंतूंवर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं गेलं. १९६० मध्ये ख्रिस वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले काही कधी खाणीत उतरलेही नव्हते, नुसते त्या परिसरात राहत होते. १९६५ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात कामगारांच्या घरच्या माणसांतही हा आजार दिसला. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या बायका त्यांत होत्या. आपल्याकडे घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीत दीर्घकाळ काम केलेल्यांची तपासणी झाली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. दर पाच जणांमागे साधारण एकाला ॲस्बेस्टॉसिस होता.

'आपल्या पत्र्यातलं ॲस्बेस्टॉस पांढरं असतं, ते निरुपद्रवी' असं दुकानात सांगितलं जातं. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळं आणि तपकिरी अधिक जहाल, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सगळे प्रकार माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. साठहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात नव्या खाणपट्ट्यांना मंजुरी देणं १९८६ मध्ये थांबलं. पण परदेशातून पांढरं ॲस्बेस्टॉस आणून पत्रे बनवणं आणि विकणं आजही कायदेशीर आहे.

त्याच वेळी घाबरून जाण्याचंही कारण नाही. धोका किती धूळ किती काळ आत गेली यावर ठरतो. लहानपणी सिमेंटच्या पत्र्याखाली वाढलेल्या किंवा एखाद्या फुटक्या पत्र्याजवळून गेलेल्या माणसाने एक्स-रे काढायला धावू नये. तपासणीची खरी गरज आहे ती पत्र्याच्या, पाडकामाच्या, जहाजतोडणीच्या धुळीत वर्षं काढलेल्यांना.

घरात नेमकं कुठे

पन्हळी पत्रा आणि मोभावरचे टोपपत्रे सगळ्यांना माहीत असतात. बाकीच्या जागा लक्षात येत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींच्या मागच्या भिंतीवरून उतरणारे करड्या रंगाचे जाड पावसाळी पाइप आणि संडासाचे पाइप अनेकदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात. खिडक्यांवरचे पातळ छज्जे, गच्चीवरच्या जुन्या टाक्या, बाल्कनी बंद करायला लावलेल्या सपाट शीट, जुन्या कार्यालयांतलं फॉल्स सीलिंग, बॉयलरभोवती गुंडाळलेला दोर, जुन्या विजेच्या फ्यूजमधला पांढरा गादीसारखा तुकडा, भट्टीच्या दाराची गॅस्केट, या सगळ्यांत ते असू शकतं. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्राखाली ठेवायची ती जाळी आठवते? तिच्या मधोमध असलेला पांढरा गोल ॲस्बेस्टॉसचा होता. अजून कुठल्या कपाटात असेल तर ती वापरात ठेवू नये.

यांत एक भेद फार महत्त्वाचा आहे. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला माल हाताने चुरडत नाही. पण दोर, गादी, पाइपांवरचं लेपण, फवारलेलं इन्सुलेशन हे बोटांनी दाबलं तरी भुगा होतं. दुसऱ्या प्रकारातून तंतू कितीतरी सहज सुटतात. अशा मालाला घरमालकाने किंवा साध्या मिस्त्रीने हातच लावू नये.

जुन्या पाइपलाइनमधल्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळांतून पाणी येतं, त्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेलेल्या तंतूंनी अपाय होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. तो नळ कोरडा असताना करवतीने कापणाऱ्या प्लंबरची काळजी मात्र जरूर करावी.

परदेशात जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी यादी थोडी वेगळी होते. ब्रिटनमध्ये २००० पूर्वीचं, ऑस्ट्रेलियात १९९० पूर्वीचं आणि अमेरिकेत १९८० पूर्वीचं घर असेल तर छताचं खडबडीत टेक्श्चर, नऊ इंची जुन्या व्हिनाइल टाइल आणि त्यांच्याखालचा काळा गोंद, तळघरातल्या पाइपांवरचं आवरण, माळ्यावरचं सैल इन्सुलेशन यांवर संशय घ्यावा. तिथे परवानाधारक सर्वेक्षक आणि काढणारे मिळतात. स्वयंपाकघर नवं करण्याआधी त्यांना बोलावणं हा खर्च घराच्या किमतीत धरूनच चालावं. कॅनबेरामध्ये माळ्यावर सैल ॲस्बेस्टॉस भरलेली हजाराहून अधिक घरं सरकारला विकत घेऊन पाडावी लागली, यावरून कल्पना येईल.

तपासणी कशी होते

आपल्याकडचा राखाडी पन्हळी सिमेंट पत्रा जुना असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चालावं, तपासणीवर पैसे घालवू नयेत. खात्रीच हवी असेल तर पत्र्याच्या आतल्या बाजूचा शाईचा शिक्का बघावा. 'आयएस ४५९' हा भारतीय मानकाचा क्रमांक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्याचा आहे. ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंटच्या पत्र्यांना वेगळा क्रमांक असतो. शिक्का पुसला असेल, किंवा वस्तू सपाट शीट, गादी, लेपण अशी असेल, तेव्हा नमुना तपासावा लागतो. नुसतं बघून, वाजवून किंवा जाळून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही.

नमुना शक्यतो जाणकारानेच घ्यावा. कसा घेतात ते माहीत असलं तर समोरचा माणूस बरोबर करतोय की नाही एवढं तरी कळतं. पंखा बंद, खोलीत दुसरं कुणी नाही, खाली प्लास्टिक अंथरलेलं. नमुन्याच्या जागेवर आधी साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी बारीक फवाऱ्याने मारायचं आणि ते मुरू द्यायचं. मग आधीच तुटलेल्या कडेचा, साधारण नाण्याएवढा तुकडा पक्कडीने सावकाश सोडवायचा. तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर जागा आणि तारीख. उघड्या पडलेल्या कडेला रंगाचा हात किंवा चिकटपट्टी. हत्यारं ओल्या फडक्याने पुसून ते फडकंही पिशवीत बंद. लेपणाच्या थरात खालपर्यंतचा नमुना लागतो, कारण वरचा थर नुसता प्लास्टर असू शकतो. एका जागेचा नमुना निर्दोष आला म्हणजे सगळी इमारत सुटली, असंही होत नाही.

प्रयोगशाळेत हा तुकडा ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातो. त्यातले तंतू वेगळे करून ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात बुडवले जातात, क्रायसोटाइलसाठी १.५५० अंकाचं तेल. मग सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवताना तंतू विशिष्ट रंगांनी उजळतो. रंग, वळण आणि प्रकाशातली वागणूक यांवरून काचतंतू, सुताचा धागा आणि ॲस्बेस्टॉसचे प्रकार वेगळे ओळखता येतात. तंतू फारच बारीक असतील तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. हवेची तपासणी वेगळी. त्यात पंपाने ठरावीक हवा एका पातळ पडद्यातून ओढतात आणि पडद्यावरचे तंतू मोजतात. पाच मायक्रॉनहून लांब, तीन मायक्रॉनहून बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांब असा कण तंतू म्हणून धरला जातो. प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएलची मान्यता नेमकी ॲस्बेस्टॉसच्या चाचणीसाठी आहे का, हे विचारावं. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या विषयात अनेक वर्षं काम करत आली आहे.

ठेवावं, झाकावं की काढावं

पत्रा शाबूत आहे, गळत नाही, कडा सुटलेल्या नाहीत, तर ठेवावा. मात्र त्यात भोक पाडून केबल, डिश किंवा सोलरचे पाय ठोकू नयेत. शेवाळ खरवडू नये, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नये. पावसापाण्याने वरचं सिमेंट झिजलेलं असतं आणि तंतू तिथे उघडे पडलेले असतात. दाबाचं पाणी तेच सुट्टे करून अंगणात, गटारात आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर पसरवतं.

पृष्ठभाग खरखरीत झाला आहे पण पत्रा फुटलेला नाही, तर झाकण्याचा विचार करावा. न घासता, आधी भिजवून, रोलरने चांगल्या प्रतीचा बाहेरचा रंग किंवा सीलंट लावला तर तंतू बांधले जातात. काही जण जुना पत्रा तसाच ठेवून वर वेगळ्या सांगाड्यावर लोखंडी पत्रा टाकतात. जुन्या पत्र्यातून आरपार स्क्रू न मारता, आणि कैच्यांना वजन पेलेल का हे इंजिनिअरला विचारून केलं तर तेही चालतं. पण हे दुखणं पुढच्या पिढीवर ढकलणं आहे, हे लक्षात ठेवून घराच्या कागदपत्रांत खाली ॲस्बेस्टॉस असल्याची नोंद करून ठेवावी.

काढायचं ते तीन वेळा. पत्रे जागोजागी फुटून चुरा गळत असेल तेव्हा, घर पाडायचं असेल तेव्हा आणि वादळाने आधीच काम केलेलं असेल तेव्हा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगरच्या वाड्यांत छपरंच्या छपरं उडाली. अशा वेळी माणसाला आधी निवारा हवा असतो, हे उघड आहे. तरी तुकडे गोळा करण्याआधी त्यांवर पाणी मारावं, ते हाताने पिशवीत भरावेत, खराट्याने ओढू नयेत. एवढं त्या गडबडीतही जमतं.

काढायचं तर असं

सुरुवात फुप्फुसापासून करत नाही, पायापासून करतो. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. दिसायला दगडासारखा भक्कम, पाय पडला की काचेसारखा तुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराआधी त्याच दिवशी होणारा हा मृत्यू टाळायचा आहे. पत्र्यावर कुणी चढू नये. परांचीवरून किंवा शिडीवरून, खालच्या बाजूने काम करावं. वर जावंच लागलं तर कैच्यांवर टेकलेल्या रुंद फळ्या, कंबरेला पट्टा आणि तो पट्टा पत्र्याला नव्हे तर भक्कम आधाराला बांधलेला.

मग धुळीचा बंदोबस्त. वारा पडलेला दिवस निवडावा. पोरंबाळं, गुरं, वाळत घातलेले कपडे, उन्हात ठेवलेली वाळवणं आधी हलवावीत. शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या खिडक्या लावून घ्याव्यात. खाली जाड प्लास्टिक अंथरावं. काम करणाऱ्याला पी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा चेहऱ्याला घट्ट बसणारा हाफ मास्क, एकदा वापरून टाकायचा पूर्ण अंगाचा झगा, हातमोजे आणि धुता येतील असे गमबूट. रुमाल, कापडी मास्क, हिरवा सर्जिकल मास्क यांचा काडीचा उपयोग नाही. एन-९५ ही या कामाला कमी पडतो. दाढी असेल तर चांगला मास्कही कडेने गळतो.

पत्रा दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने भिजवावा आणि काम संपेपर्यंत ओला राहू द्यावा. पत्रा ओला म्हणजे निसरडाही, हे वर असलेल्याने विसरू नये. जे-हूकचे नट पान्याने सोडवावेत. गंजून बसले असतील तर हूक हाताच्या बोल्ट कटरने तोडावा, ग्राइंडर लावू नये. पत्रा अख्खा सोडवावा आणि दोघांनी धरून किंवा दोराने खाली उतरवावा. फेकू नये, ओढू नये, 'टेम्पोत बसत नाही' म्हणून मधोमध तोडू नये. खाली आलेले पत्रे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, टेपने बंद करून वर ठळक अक्षरांत 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असं लिहावं. पडलेला चुरा ओल्या फडक्यांनी उचलावा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर तो बारीक तंतू मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. त्यासाठी हेपा फिल्टरचं खास यंत्र लागतं. शेवटी झगा आणि फडकी त्याच पिशव्यांत, मास्क सर्वांत शेवटी काढायचा, आणि तिथेच अंघोळ करून घरी जायचं. धुळीचे कपडे बायकोच्या हाती धुवायला द्यायचे नाहीत.

ठेकेदाराशी बोलताना या अटी तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्याव्यात: ग्राइंडर नाही, पत्रा फेकणं नाही, ओलं काम, मास्क आणि झगा मालकाच्या खर्चाने. खर्च थोडा वाढतो. नाहीतर जुनं छप्पर काढून निर्धास्त व्हायला निघालेलं घर आगीतून फुफाट्यात पडतं.

उतरवल्यावर जायचं कुठे

इथे आपल्याकडची गाडी अडते. ॲस्बेस्टॉस जळत नाही, कुजत नाही, म्हणून त्याला पुरण्याशिवाय दुसरा सोपा मार्ग नाही, आणि तेही खास बांधलेल्या जागी. २०१६ च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्यात धरलं आहे आणि परदेशातून असा कचरा आणायला बंदी आहे. भारतीय मानक ब्यूरोने ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचं मानकही १९८६ मध्येच काढलं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्यासाठी सामायिक केंद्रं आहेत. पण ही सगळी व्यवस्था कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. गुहागरच्या किंवा गेवराईच्या माणसाने आपले वीस पत्रे तिथवर न्यावेत कसे, याचं उत्तर तिच्यात नाही. म्हणून पत्रे भंगारवाल्याकडे, तिथून कुणाच्या गोठ्यावर, आणि फुटलेले राडारोड्याच्या गाडीत जातात.

शहरांत हाच प्रश्न हजारपट होतो. मुंबई-पुण्यात चाळींचा आणि झोपडपट्ट्यांचा पुनर्विकास जोरात आहे, आणि तिथलं प्रत्येक दुसरं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं. घरं रिकामी झाली की जेसीबी लागतो आणि पत्रे, विटा, कौलं सगळं एकत्र चिरडलं जातं. ब्रिटनमध्ये पाडकामाआधी ॲस्बेस्टॉसचं सर्वेक्षण करून ते वेगळं काढणं सक्तीचं आहे, आणि तिथे जुन्या धुळीपायी अजूनही वर्षाला पाच हजारांच्या आसपास माणसं मरतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षं ठेवायला सांगितलं. तो निकाल कारखान्यातल्या कामगाराचा होता. पाडकामावर रोजंदारीने येणाऱ्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते.

वैयक्तिक पातळीवर करता येण्यासारखं एवढंच: पत्रे पॅक करून कोरड्या, बंद जागी वेगळे ठेवावेत, विकू किंवा फुकटही देऊ नयेत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. एका घराचं काम परवडत नाही. गृहनिर्माण संस्था, वाडी किंवा गाव मिळून एक गाडी भरली तर अधिकृत केंद्रापर्यंतचा खर्च वाटला जातो.

बाकीचं काम सरकारी आहे आणि ते अवघड नाही. ब्रिटनमधल्या अनेक स्थानिक संस्था घरगुती ॲस्बेस्टॉस दुहेरी पिशवीत बांधून आणलं तर ठरावीक प्रमाणात घेतात. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी पावसाळ्याच्या तोंडावर वर्षातून एकदा असा गोळा करण्याचा दिवस ठरवावा. पाडकामाची परवानगी देताना आधी पत्रे हाताने, अख्खे उतरवण्याची अट घालावी. घरकुलाच्या अनुदानात जुन्या पत्र्याच्या विल्हेवाटीची रक्कम धरावी. शाळांची छपरं सर्वांत आधी बदलावीत, आणि ती सुट्टीत बदलावीत, वर्ग चालू असताना नव्हे.

तोवर यंदाच्या मेमध्ये आपल्या घरावर मिस्त्री चढला, तर त्याच्या हातातला ग्राइंडर काढून घ्या, पाण्याची नळी आणि मास्क द्या, आणि पत्रा अख्खा उतरवून मागा.